कारागिरी पुण्याची, मालकी पॅरिसची

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २१ जानेवारी २०२६ रोजी आपल्या पुनर्रचनेचा आराखडा जाहीर केला. सहा व्हिडिओ गेमचे काम कायमचे थांबवल्याची घोषणा त्यात होती, आणि त्या सहांमध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या २००३ मधील गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती होती. जगभरच्या शौकिनांनी हळहळ व्यक्त केली, भागबाजारात कंपनीचा भाव कोसळला आणि विषय मागे पडला. महाराष्ट्राने मात्र तो मागे पडू देता कामा नये. कारण ही आवृत्ती मुळात पुणे आणि मुंबई येथील कारागीर घडवत होते.

हकीकत अशी. युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्ट या गियमो घराण्याच्याच दुसऱ्या कंपनीकडून पुण्यातील स्टुडिओ विकत घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरा उघडला. खेळांची चाचणी घेणे, एका यंत्रावरचा खेळ दुसऱ्या यंत्रावर बसवणे, इतरांच्या खेळांना हातभार लावणे, असे पडेल ते काम या दोन्ही ठिकाणी वर्षानुवर्षे चालत आले. सप्टेंबर २०२० मध्ये मात्र एका मोठ्या नावाच्या खेळाची मुख्य धुरा त्यांच्याकडे असल्याचे जाहीर झाले. विक्रीची तारीख ठरली २१ जानेवारी २०२१. पहिली झलक दाखवली गेली आणि चित्रे जुनाट आहेत, चेहरे निर्जीव आहेत अशी टीका उसळली. तारीख आधी मार्चवर आणि मग अनिश्चित काळावर ढकलली गेली. मे २०२२ मध्ये कंपनीने हे काम पुणे-मुंबईकडून काढून घेतले आणि मूळ खेळ जेथे तयार झाला होता त्या कॅनडातील माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवले. आपल्या लोकांना हे जमणारे नव्हतेच, असा निष्कर्ष काढायला पुष्कळ शहाणे टपलेलेच होते. पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ काम माँट्रियलकडे राहिले, आणि पहिल्या ठरलेल्या तारखेला ज्या दिवशी बरोबर पाच वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी पॅरिसने त्या खेळावर फुली मारली.

म्हणजे ज्या हातांना अकुशल ठरवले त्यांच्याकडून काम काढून घेतले, ज्या हातांना कुशल मानले त्यांना ते दिले, आणि तरीही निष्पत्ती शून्य. मग दोष हातांचा होता असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

शिरूर तालुक्यातील केंदूरचा एखादा कार्यकर्ता येथे विचारील, आणि त्याला तसे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, की पाण्याचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या भोगणाऱ्या या गावाला पोरांच्या खेळण्याशी काय कर्तव्य? व्हिडिओ गेम ही चैनीची वस्तू, तिचे कारखानदार बुडोत की तरोत. समाजवादी चळवळीतील अनेक ज्येष्ठांचीही हीच धारणा आहे, आणि ती चुकीची आहे. केंदूरची तरुण मुले सणसवाडीला, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर कामाला जातात. कंत्राटदार बदलला की नोकरी गेली, कारखान्याचे धोरण ठरते दूरदेशी, आणि फाटकावरच्या फलकावर ज्याचे नाव आहे तो मालक कधी दृष्टीस पडत नाही, हे त्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. त्यांच्याच धाकट्या भावंडांपैकी काहीजण आता पुण्यात ॲनिमेशन शिकून काचेच्या इमारतीत संगणकापुढे बसू लागले आहेत. गळ्यात ओळखपत्र आहे, खोली वातानुकूलित आहे, पगार बरा आहे. संबंध मात्र तोच आहे. वातानुकूलनामुळे तो दिसेनासा होतो इतकेच.

हा संबंध समजून घ्यायला इचलकरंजीचे उदाहरण उपयोगी पडेल. तेथील खर्चीवाला यंत्रमागधारक स्वतःच्या मागावर, स्वतःच्या शेडमध्ये कापड विणतो. पण सूत व्यापाऱ्याचे असते, तयार कापडही व्यापाऱ्याचेच असते, आणि विणणाऱ्याला मिळते ती पिकामागे ठरलेली मजुरी. बाजार चढला तर लाभ व्यापाऱ्याला, पडला तर माग बंद. पुण्यातील परकीय मालकीच्या स्टुडिओंचे स्वरूप यापेक्षा फारसे वेगळे नाही, किंबहुना एका अर्थी अधिक वाईट आहे, कारण खर्चीवाल्याचा निदान माग तरी स्वतःचा असतो. व्हिडिओ गेमच्या धंद्यात खरी मिळकत यंत्रात किंवा इमारतीत नसते. ती नावात असते, पात्रांत असते, पूर्वी लिहून ठेवलेल्या आज्ञावलीत असते. हे सारे कायद्याने कंपनीचे. कारागिराने रात्री जागून रेखाटलेला चेहरा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा राहत नाही. तो खेळ रद्द झाला तर ते चित्र कोणाला दाखवण्याचीही त्याला मुभा नसते. पुण्यात राहते ती मजुरी, आणि नावाचे भाडे जाते पॅरिसला. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ज्या अपवाहाचा हिशेब मांडला त्यात कापूस आणि धान्य होते. आज त्यात रेषा आणि रंगही आले आहेत.

आता कसबाच्या मुद्द्याकडे वळू. २०२० ची ती झलक चांगली नव्हती हे मान्य केलेच पाहिजे. स्वकीयांच्या कामाची खोटी भलामण करण्यात अर्थ नाही. परंतु त्याच शहरात, त्याच वर्षी, 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ प्रकाशित झाला. नॉडिंग हेड्स या पुण्यातील छोट्या चमूने तो केला होता. लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा २०१७ मधील प्रयत्न फसला होता, तरी ते काम सोडून उठले नाहीत. राक्षसांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी, राजस्थानी किल्ल्यांसारखी वास्तू, पहाडी चित्रशैलीच्या छटा, बाहुल्यांच्या सावल्यांनी सांगितलेली कथा, असा त्याचा घाट. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. हा छोटा खेळ आणि तो मोठा खेळ यांची बरोबरी करता येणार नाही, हे खरे. पण पुण्याच्या मातीत कसब नाही, हे विधान 'राजी'ने निकालात काढले. फरक इतकाच होता की एका ठिकाणी काय करायचे आणि केव्हा पुरे म्हणायचे हे करणारे ठरवत होते, आणि दुसऱ्या ठिकाणी ते दुसरेच कोणीतरी ठरवत होते.

अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये 'करता करता शिकणे' ही कल्पना शास्त्रीय रीतीने मांडली. उत्पादनाचे कसब पुस्तकातून येत नाही, एकामागून एक वस्तू घडवताना ते साठत जाते, आणि हा साठा हेच उद्योगाचे खरे भांडवल होय. पहिली मोठी वस्तू सदोष निघते, दुसरी बरी, तिसरी उत्तम. पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडून पहिलीच मोठी वस्तू अर्ध्यावर हिसकावून घेतली गेली. आता दुसरी केव्हा हाती येणार आणि तिसरी केव्हा? मालकाच्या ताळेबंदात हे नुकसान कोठेच दिसत नाही, कारण साठा हरवला तो पुण्याचा, कंपनीचा नव्हे. कंपनीला तोच साठा माँट्रियलला तयार मिळत होता.

युबिसॉफ्टचा मालक कोण, हेही पाहण्याजोगे आहे. १९८६ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील पाच गियमो बंधूंनी ही कंपनी काढली. २०१५ पासून विवेंदी या बड्या कंपनीने तिचे भाग खरेदी करून गळा आवळण्यास सुरुवात केली. २०१८ मध्ये तो फास सुटला, पण तो सोडवताना चीनची टेन्सेंट आत आली. मार्च २०२५ मध्ये त्याच टेन्सेंटने १.१६ अब्ज युरो देऊन कंपनीच्या नव्या उपकंपनीत सुमारे चतुर्थांश वाटा घेण्याचे ठरले. कंपनीची सर्वांत दुभती तीन नावे या उपकंपनीत नेऊन ठेवली आहेत. दुभत्या म्हशी वेगळ्या गोठ्यात बांधल्यावर उरलेल्या गोठ्याची वैरण तोडली जाते हे शेतकऱ्याला सांगावयास नको. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' त्या उरलेल्या गोठ्यात होता.

मालकीपाठोपाठ व्यवस्थापन येते. या कंपनीत कित्येक वर्षे जगभरच्या स्टुडिओंतील खेळांचा आराखडा पॅरिसमधील एक 'संपादकीय' विभाग मंजूर वा नामंजूर करीत असे. त्याचे सगळेच खेळ एकमेकांसारखे दिसू लागले अशी तक्रार खेळणारेच करीत. त्या विभागाच्या प्रमुखाला लैंगिक व मानसिक छळाच्या तक्रारींनंतर २०२० मध्ये पद सोडावे लागले आणि जुलै २०२५ मध्ये फ्रेंच न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. हा केवळ एका माणसाच्या दुर्वर्तनाचा प्रश्न मानणे भाबडेपणाचे ठरेल. हजारो कारागिरांच्या कामाचे भवितव्य एका मेजावर एकवटले की त्या मेजाची भीती निर्माण होते, आणि भीतीत तक्रार दबते तशी कल्पनाही दबते.

इतरत्र काय चालले आहे? मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरना घेतली आणि तीन महिन्यांत आपल्या खेळ विभागातील १,९०० कामगारांना घरी पाठवले. मे २०२४ मध्ये तिने जपानमधील टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद केला. या स्टुडिओच्या २०२३ च्या 'हाय-फाय रश' या खेळावर समीक्षक आणि खेळणारे दोघेही खूश होते. चांगले काम केले तर नोकरी टिकते, या मध्यमवर्गीय श्रद्धेला याहून मोठा तडा कोणता? स्वीडनच्या एम्ब्रेसर कंपनीने कर्जावर स्टुडिओ खरेदी करण्याचा सपाटा लावला होता. २०२३ मध्ये दोन अब्ज डॉलरचा एक अपेक्षित करार फिसकटला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील व्होलिशन हा तीस वर्षांचा स्टुडिओ तिने बंद करून टाकला. व्यवहार मालकाचा फसला, चूल कामगाराची विझली.

सर्वांत बोधप्रद प्रकार इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा आहे. हैदराबादेतही या कंपनीचे केंद्र आहे. सौदी अरेबियाचा सरकारी निधी आणि दोन अमेरिकी गुंतवणूक कंपन्या मिळून ती ५५ अब्ज डॉलरना घेणार, असे सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यातील २० अब्ज डॉलर कर्जाचे. कर्ज घेणाऱ्यांनी ते स्वतःच्या खिशातून फेडायचे, असा कोणाचा समज असेल तर तो दूर व्हावा. ज्याचे शेत विकत घ्यायचे त्याच्याच सातबाऱ्यावर बोजा चढवायचा आणि पुढची पिके काढून हप्ते भागवायचे, अशी ही युक्ती आहे. गावचा सावकारही इतका निर्लज्ज नव्हता. त्याला निदान घरचे पैसे मोजावे लागत. अशा बोजाखाली दबलेला स्टुडिओ नवी कल्पना कशी आजमावील? तो जुन्याच खेळाचा सतरावा भाग काढील आणि मुलांना क्षणोक्षणी काहीतरी विकत घ्यायला लावील.

देशी मालक आले म्हणजे चित्र पालटेल, असेही नाही. मुंबईत १९९९ मध्ये सुरू झालेल्या इंडियागेम्सची मालकी आधी चिनी टॉम ऑनलाइनकडे, मग यूटीव्हीकडे आणि यूटीव्हीच विकली गेल्यावर डिस्नेकडे गेली. आज ते नाव बाजारात उरलेले नाही. 'रिअल क्रिकेट' हा खेळ करणारी महाराष्ट्रातील नॉटिलस मोबाइल ही कंपनी २०२५ मध्ये कोरियाच्या क्राफ्टनच्या ताब्यात गेली. स्वतःला गेमिंग म्हणवून घेणाऱ्या आपल्याकडील धंद्यातील बरेचसे भांडवल तर खेळ घडवण्याकडे गेलेच नाही. ते रमी आणि क्रिकेटच्या काल्पनिक संघांवर पैसे लावण्याकडे वळले. जुगाराला खेळाचे वस्त्र नेसवून त्यांनी खेड्यापाड्यांतील फोनमध्ये प्रवेश मिळवला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले. बंदी योग्यच झाली, पण त्यानंतर ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्या तरुणांना मालकांनी आणि सरकारने सारखेच वाऱ्यावर सोडले.

मग दुसरा मार्ग आहे काय? पुण्याला हा प्रश्न पडू नये, कारण पुण्याने तो मार्ग एकदा पाहिलेला आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीचे पाच भागीदार होते. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघे स्वतः पडद्यामागचे कारागीर होते. पैशाची बाजू पाहणारे सीताराम कुलकर्णी पाचवे. मालक सकाळी उठून कॅमेऱ्यामागे उभा राहत होता, रंग कालवत होता. १९३६ चा 'संत तुकाराम' अशा घरातून बाहेर पडला आणि व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. प्रभात म्हणजे समाजवाद नव्हे. तेथील नोकर पगारीच होते, भागीदारांत भांडणे झाली, १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले आणि १९५३ मध्ये कंपनी विसर्जित झाली. तरीही काय काढायचे हे काम जाणणारा ठरवील, या एका नियमाने केवढे काम झाले ते जगासमोर आहे. त्याच जागेवर १९६० मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट उभारली.

व्हिडिओ गेमच्या धंद्यातही असे घडू शकते. फ्रान्समध्येच, बोर्दो येथे, मोशन ट्विन ही कामगारांची सहकारी संस्था आहे. सर्वांना समान वेतन आणि सर्वांना समान मत, या तत्त्वावर तिने 'डेड सेल्स' हा खेळ २०१८ मध्ये पूर्ण केला, आणि त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. पुढे काम वाढले तेव्हा त्याच मंडळींनी शेजारी एक साधी खासगी कंपनी काढून विस्तार तिच्याकडे दिला, हेही सांगितले पाहिजे. सहकाराला वाढ पेलत नाही, असा आक्षेप यावरून घेता येतो. महाराष्ट्राला तो आक्षेप नवा नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये उभा राहिला तेव्हा धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी तो ऐकला होता. सहकाराचे पुढे काय झाले, तो घराण्यांच्या ओट्यावर कसा बांधला गेला, हे शिरूरकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. न्हावऱ्याच्या घोडगंगा कारखान्याचे धुराडे थंड राहिलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले. तेव्हा सहकाराचे नुसते नाव पुरेसे नाही. सभासद हाच काम करणारा असेल आणि मत त्याचेच चालेल, ही अट लागते. उसाच्या कारखान्यात सभासद शेतकरी होता आणि कामगार बाहेरचा. स्टुडिओत ही फट राहण्याचे कारण नाही.

केंदूरच्या शेजारीच पाबळला १९८३ पासून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. खेड्यातील मुलाला यंत्र हाताळू दिले तर तो काय करू शकतो हे तेथे चार दशके दिसत आहे. हातांचा तुटवडा या भागात कधीच नव्हता.

आता प्रश्न सरकारी पैशाचा. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, दृश्य परिणाम आणि व्हिडिओ गेम या उद्योगांसाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. दोन लाख रोजगारांचे आश्वासन त्यात आहे. हा पैसा जनतेचा आहे. तो घेणारा स्टुडिओ कोणाच्या मालकीचा असेल, अर्ध्यावर काम काढून घेतले तर कारागिरांना काय मिळेल, रद्द झालेल्या खेळातील त्यांचे काम त्यांना दाखवता येईल काय, नामावलीत त्यांची नावे येतील काय, याची हमी अनुदानापूर्वी घेतली पाहिजे. कारागिरांच्या स्वतःच्या सहकारी स्टुडिओंसाठी या रकमेतील ठरावीक हिस्सा राखून ठेवला पाहिजे. १९६० चा सहकारी संस्था कायदा अजून पुस्तकात आहे. तो साखरेपुरताच आहे असे कोठेही लिहिलेले नाही.

कामगार कायद्याची ढाल येथे फारशी उपयोगाची नाही. कारखाना, खाण वा मळा बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागे. स्टुडिओ या तिन्हींत मोडत नाही. कारखान्यांसाठीही नव्या औद्योगिक संबंध संहितेने २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. त्यामुळे संघटनेवाचून गत्यंतर नाही, आणि संघटना सोपी नाही. युबिसॉफ्टच्या हॅलिफॅक्स येथील स्टुडिओत डिसेंबर २०२५ मध्ये कामगार संघटनेला मान्यता मिळाली. जानेवारी २०२६ च्या प्रारंभी तो स्टुडिओ बंद झाला आणि ७१ जणांची नोकरी गेली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, असे कंपनी सांगते. फ्रान्समधील कामगारांनी मात्र २०२४ मध्ये दोनदा संप केला, फेब्रुवारीत पगारासाठी आणि ऑक्टोबरात कामाच्या अटींसाठी. पॅरिसचा कामगार आणि पुण्याचा कामगार एकाच मालकाचे चाकर असताना एकमेकांना ओळखतही नाहीत, याचा लाभ मालकाला मिळत राहतो.

पुण्यातील पक्षशाखांनी हे काम हाती घ्यावयाचे तर आरंभ मोर्च्याने होणार नाही. स्टुडिओत काम करणारी शिरूर आणि दौंड तालुक्यांतील मुले कोण, किती आणि कोठे, करारपत्रात त्यांच्याकडून काय लिहून घेतले आहे, याची साधी नोंद प्रथम व्हायला हवी. केंदूरचा कार्यकर्ताही ती करू शकेल. ही मुले सुट्टीला गावी येतातच.